दुसऱ्या पट्ट्यावरची जागा

भूकंपात तुर्कस्तानातल्या आमच्या भागातली घरं पडली, आंतेप शहरातल्या कारखान्यांच्या शेड मात्र उभ्या राहिल्या. माझी बहीण पेरिहान इस्लाहिये गावात राहायची. तिचा नवरा रातपाळीला होता म्हणून वाचला, ती इमारतीखाली गेली. आम्ही दोघी मॅकरोनीच्या एकाच कारखान्यात, दुसऱ्या पट्ट्यावर, शेजारी उभ्या राहून पाकिटं तपासायचो. तिचं दफन करून आले आणि कारखाना उघडला तशी कामावर गेले. घरी बसून करणार काय? तंबूंतल्या लोकांना मॅकरोनी हवीच होती. रवा होता, वीज आली, पट्टा चालू झाला.

बायका म्हणायच्या, "नेरिमान, रड गं बाई, मोकळी हो." मी मान हलवायचे आणि पुढचं पाकीट उचलायचे.

उन्हाळ्यात बगदादहून खरेदीदार आले. मालक जेवदेतसाहेबांनी त्यांना सकाळी बेयरानचा झणझणीत मटण-रस्सा पाजला, बाकलाव्याची मिठाई खाऊ घातली, गालिच्यांचे माग दाखवले आणि शेवटी आमच्याकडे आणलं.

"गहू आमचा, गिरणी आमची, यंत्रं बनवणारे इथलेच, पिशव्या छापणारेही इथलेच," साहेब सांगत होते. "ट्रक दारातून निघाला की थेट तुमच्याकडे."

सौसन अरबीत सांगत होती. ती सीरियातल्या हलबची, लढाईत इकडे आलेली, कारखान्यात दुभाष्याचं काम करायची.

खरेदीदारांतले एक म्हातारे माझ्यापाशी थांबले. भूकंपानंतर कारखाना किती दिवस बंद होता, असं त्यांनी विचारलं.

"नेरिमानताई, तुम्हीच सांगा," साहेब हसून म्हणाले.

"आठवडाभर," मी म्हटलं. "माझी बहीण इथे उभी राहायची. ती ढिगाऱ्याखाली गेली. तिला पुरलं आणि आले."

सौसन बोलली. फारच थोडं बोलली. म्हातारे खूश होऊन मान डोलावू लागले.

चहाच्या सुट्टीत मी तिला गाठलं. "काय सांगितलंस गं त्यांना?"

ती खाली बघत राहिली. "आठवड्यात कारखाना सुरू झाला, एवढंच. साहेबांनी बजावलं होतं, रडगाणं नको म्हणून. राग आला, ताई?"

"नाही." खरंच आला नव्हता. आला असता तर बरं झालं असतं.

"माझा भाऊ गेला तेव्हा मीही अशीच होते," ती म्हणाली. "चहात साखर आहे की नाही, तेसुद्धा कळायचं नाही."

"मग?"

"मग काही नाही. एक दिवस कळायला लागलं."

बगदादची ऑर्डर मिळाली. तिसरा पट्टा बसला, मला मुकादम केलं. पेरिहानच्या जागी मराशहून आलेली दोंदू नावाची बाई घेतली. तिचंही घर गेलं होतं.

"इथे आधी कोण होतं?" तिने विचारलं.

"माझी बहीण."

ती चटकन मागे सरली. "अगं बाई! मग मी दुसरीकडे उभी राहते."

"नाही, इथेच राहा. पाकिटं साचतायत."

ती उभी राहिली. सुरुवातीला एखादं पाकीट तिच्या हातून सुटायचं, हळूहळू हात बसला.

पेरिहानच्या कारखान्यातल्या कपाटातलं सामान घेऊन जा, असं मी तिच्या नवऱ्याला दोनदा कळवलं. तो आला नाही. शेवटी मीच तिचा रुमाल, चपला आणि हाताला लावायचं मलम पिशवीत भरलं. कपाटाची किल्ली दोंदूला दिली आणि पट्ट्यावर परत गेले.