मले नाई मालूम

अमृतराव टोपी घालून पाटावर बसले, तरी बयनाबाईंनी ओवाळायचं ताट उचललं नाही.

"हे कोण होय वं?" त्यांनी सुनेला विचारलं.

"आई, मामाजी हायेत. तुमचे भाऊ. दिल्लीहून आले."

बयनाबाईंनी पाहुण्याला पायापासून टोपीपर्यंत न्याहाळलं. "माह्या भावाचे केस काळे हायेत."

रंजीताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्षभरात सासूबाई एकेक माणूस विसरत गेल्या होत्या. सुनेचं नावही आता त्यांना आठवत नसे.

भीमपूरच्या शाळेतलं हे पोरगं सरकारी नोकरीत शिरलं आणि चढत चढत देशाच्या गुप्तचर खात्याचं प्रमुख झालं. कोणाच्या पोटातलं कसं काढायचं, हे अमृतरावांनी कितीजणांना शिकवलं. या असल्या नोकरीपायी एक भाऊबीज धड मिळाली नाही. आता निवृत्त झाल्यावर बहिणीनं एकदा तरी ओवाळावं, एवढ्यासाठी ते आले होते. मागणं केवढंसं, पण फार उशिरा मागितलं.

"तुमचा भाऊ कुठं असतो मग?" त्यांनी हळूच विचारलं.

"मले नाई मालूम."

"करतो काय?"

"नाई मालूम."

"आला कधी होता?"

बयनाबाईंचे डोळे बारीक झाले. "तुमी काऊन इतकं इचारून राह्यले जी?"

अमृतरावांची मान खाली गेली. खात्यात रुजू व्हायला निघाले तेव्हा याच ओसरीत त्यांनी तिला बजावलं होतं, 'मी कुठं हाय, काय करतो, कोणी इचारलं तं मालूम नाई म्हणजो. गोड बोलून इचारतीन, तरी.'

"बयने, मीच तो. अमृत. मीच सांगतलं होतं तुले." बोली गावचीच होती, पण इतक्या वर्षांत जिभेला परकी झाली होती. त्यांचं त्यांनाच ते खोटं वाटलं.

"असे लय येतात," बयनाबाई म्हणाल्या आणि ताट घेऊन अंगणात गेल्या.

दिवस नुकताच बुडाला होता. बीजेची कोर कपाशीच्या शेतावर टेकली होती. भाऊ आला नाही की बहिणीनं चंद्राला ओवाळायचं; बयनाबाई वर्षानुवर्षं तेच करत आल्या होत्या. त्यांनी निरांजन फिरवलं, अक्षता आभाळाकडे टाकल्या. पाटावरून अमृतरावांना सगळं दिसत होतं. उठून तिच्यासमोर उभं राहावं असं फार वाटलं त्यांना. पण उभं राहून तरी काय सांगणार होते?

बयनाबाई आत आल्या. पाहुणा तसाच जायला नको म्हणून एक करंजी त्यांच्या हातावर ठेवली. रंजीता चुलीकडे वळल्याचं पाहून त्या वाकल्या आणि त्यांच्या कानाशी लागल्या.

"दिल्लीचे ना तुमी? तो भेटला तं सांगजा त्याले. म्हणा, बयनानं कोणालेच काई नाई सांगतलं."

अमृतरावांनी डोक्यावरची टोपी काढली.

"सांगतो," ते म्हणाले.