सरदाराच्या पलंगावर दुपारची झोप

धाकटीने फोनवर तीनदा बजावलं होतं, "अक्का, चारच्या आत येऊ नकोस. आज आमच्या ह्यांचं काम तपासायला मोठ्या साहेबबाई येणार आहेत. त्यांच्या मनास आलं तर नोकरी राहील, राहायची जागाही राहील. नाहीतर महिनाअखेर गाशा गुंडाळायचा."

मी म्हटलं, तपासणी तुझ्या नवऱ्याची, माझी नव्हे. जिचं नाक मी पुसलं, तिच्या दारात मी घड्याळ बघून जायचं?

बावीस वर्षांनी बहिणीला भेटायला मी समुद्र ओलांडून निघाले होते. संगे सून आणि दोन नातवंडं. सहा वर्षांची भिंगरी आणि तीन वर्षांचा गुंडू. गुंडूने विमानात पुढच्या गृहस्थाच्या टकलावर तबला वाजवला. गृहस्थ ठेका बरा आहे म्हणाला, असं सून सांगते. मला कुठली त्याची भाषा कळायला.

गावात उतरलो तर सगळं दगडीच. रस्ते दगडी, भिंती दगडी, चौकातली कारंजीही दगडी. त्यातल्या एका कारंज्यात भिंगरी फ्रॉकसकट उतरली. सून टॅक्सीवाल्याशी बॅगा मोजत बसली आणि मी ओल्या पोरीला एका काखेत, गुंडूला दुसऱ्या काखेत मारून दार शोधलं. धाकटीने फोटो पाठवला होता, त्यातलंच दार. सताड उघडं. दोन वाजले होते.

आत गेले आणि डोळे दिपले. म्हटलं, बया, फोनवर नुसतं "मोठ्या घरात राहतो" म्हणायची आणि हा थाट! चांदीची ताटं मांडलेली, पण माणूस एक नाही. पुढच्या खोलीत छत असलेला पलंग आणि त्याच्यापुढे मखमलीची जाड दोरी ताणलेली. वाळत घालायलाही मखमल. मी भिंगरीचा फ्रॉक पिळून दोरीवर टाकला, तिला खांद्यावरच्या पिशवीतला कोरडा फ्रॉक घातला आणि पलंगावर निजवलं. पोर पडल्या पडल्या घोरायला लागली.

मग माझं लक्ष पडद्यांकडे गेलं. एक झटकला तर धुळीचा ढगच उठला. धाकटी पहिल्यापासून धुण्याची आळशी. मी स्टुलावर चढून पडदा काढायला घेतला.

तेवढ्यात काळ्या कोटातली एक उंच बाई दारात येऊन उभी राहिली. काखेत वह्या. मला वाटलं शेजारीण. गुंडू माझे पाय ओढत होता, तो उचलून तिच्या कडेवर दिला. म्हटलं, "जरा धर गं बाई, मी एवढं उतरवते." तिचं तोंड उघडं ते उघडंच. गुंडूने तिचा चष्मा काढून स्वतःला लावला.

धाकटी आणि तिचा नवरा मागच्या फाटकाशी साहेबबाईंची वाट बघत उभे होते; त्या पुढून आत गेल्याचं कळून दोघं धावत आले. धाकटी पांढरीफटक. तिने कानात सांगितलं तेव्हा मला उमजलं, की ही काळ्या कोटातली बाईच साहेबबाई, आणि हे घर तीनशे वर्षांपूर्वीच्या कुणा सरदाराचं. लोक तिकीट काढून बघतात, आज तपासणीपुरतं बंद. माझे मेव्हणे त्याचे राखणदार, आणि बहीण राहते ती माडीवरच्या दोन खोल्यांत, मागच्या जिन्याने.

साहेबबाईने एकच प्रश्न विचारला. ही बाई कोण?

मेव्हण्यांना सोपं होतं. दार उघडं राहिलं, कोणी वाटसरू शिरली, म्हणायचं. लग्नापासून मी त्यांना मिळमिळीत म्हणत आले, तेही तोंडावर. ते एक पाऊल पुढे आले आणि तिथल्या भाषेत काहीतरी बोलले. धाकटीने मला मराठीत सांगितलं: "माझ्या बायकोची थोरली बहीण. बावीस वर्षांनी आली आहे. दार मीच उघडं ठेवलं होतं, चूक माझी."

माझ्या हातातला पडदा गळून पडला. मी धाकटीला म्हटलं, सांग तिला, दोरीवर फ्रॉक मी टाकला, पडदा मी काढला, पोरंही माझी. यांचा काही संबंध नाही. आणि हेही सांग, की ताटांना हात लावलेला नाही.

साहेबबाई पलंगाशी गेली. भिंगरी पालथी पसरली होती, एक पाय बाहेर. बाई वाकून बघत राहिली आणि मग खुसखुसायला लागली, ती डोळे पुसेपर्यंत. म्हणाली, या पलंगावर कोणी झोपलेलं आपण जन्मात पहिल्यांदा बघतोय, असं धाकटीने मला सांगितलं. गुंडू कडेवरून उतरेना, म्हणून त्याला तसाच घेऊन तिने सगळ्या खोल्या तपासल्या. शेवटी वहीत दोन ओळी लिहिल्या. राखणदार कायम. पडदे खरोखरच मळलेले आहेत.

माडीवर मेव्हण्यांनी माझ्यापुढे चहा ठेवला. मला बोलणं भाग होतं.

"मेव्हणे, मी तुम्हाला म्हणत होते ते जाऊ द्या."

"कोणतं, अक्का? पुष्कळ आहेत."

"सगळीच जाऊ द्या."

"एकदम सगळी नकोत," ते म्हणाले. "करमायचं नाही."