कोपऱ्यातलं गोपद्म

चातुर्मास लागला की उत्तरा पहाटे न्हाऊन तुळशीपुढे गोपद्मं काढी. लग्नापासूनचा नेम. गायीची इवली पावलं, एकासारखं एक. यंदा मात्र पावलं काढताना मन लागत नव्हतं. मस्कतच्या एका इंजिनिअरच्या ऑफिसातून तिच्या नवऱ्याला, कृष्णकांतला, बोलावणं आलं होतं. व्हिसा आला, बॅगसुद्धा घेऊन झाली.

कृष्णकांत घरांच्या नकाशांचं ट्रेसिंग करी. पेन्सिलीच्या नकाशावर पातळ कागद ठेवून शाईनं रेषा गिरवायच्या. उत्तराचा धाकटा भाऊ शालिकराम मस्कतच्या त्याच ऑफिसात होता.

"अहो," एकदा वाढता वाढता ती म्हणाली, "काम तर कागदावर आहे न? मग कागदच इकडे येऊ द्या. माणूस काहून न्यायचा?"

"वा वं! साहेबाले तूच सांग," कृष्णकांत हसला. पण पत्रातून कळल्यावर शालिकरामनं ते साहेबाच्या कानावर घातलं. साहेब म्हणाला, एक घर करून दाखवा. जमलं तर ठीक, नाही तर या इकडे. नागपूरला येणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर नकाशाची गुंडाळी आली. तो परत जाईतो काम संपवायचं होतं.

कृष्णकांत दिवसा नोकरीवर. म्हणून दुपारी कडेच्या रेषा अन् खांब उत्तरा भरू लागली. हात रांगोळीचा, रेष हलत नसे. शेवटच्या दिवशी देवाचं नाव घेत बसली, अन् कोपऱ्यातल्या मोकळ्या जागी हातानं आपसूक एक गोपद्म काढून टाकलं. तिनं खरवडायला ब्लेड उचललं. पण गायीच्या पावलावर ब्लेड चालवायचं कसं? एवढंसं तर आहे, म्हणून तिनं कागद तसाच गुंडाळला.

पुढं काही दिवसांनी कोपऱ्यावरच्या नत्थूजींच्या किराणा दुकानात मस्कतहून शालिकरामचा फोन आला. दोघंही धावले.

"भाऊजी, कोपऱ्यात काय काढून ठेवलं? फोरमननं खूण समजून तिथं खड्डा खणला न! साहेब म्हणते, इतक्या दुरून कोणाले विचारायचं? माणूस इथंच पाहिजे."

कृष्णकांत वळला. उत्तराचा चेहरा पाहून त्याला उमगलं. तिनंच फोन घेतला.

"शालिक, ते माझं गोपद्म हाय. चूक माझी, तुझ्या भाऊजींची नाही. अन् साहेबाले सांग, फोन आत्ता लावला तसा खणायच्या आधी लावायचा होता न!"

तिकडे शालिकराम खळाळून हसला. दुकानात नत्थूजीही हसले. उत्तरा मात्र त्या रात्री जेवली नाही.

दसऱ्याच्या आधी नव्या गुंडाळ्या आल्या. त्या घेऊन दारात उभा होता खुद्द शालिकराम.

"साहेब म्हणाला, रेषा झकास आहेत, विचारून करत जा. भाऊजींनी नाही यायचं."

उत्तराचे हात जोडले गेले, अन् लगेच खाली आले. "अन् तू?"

"काम इकडे आलं, तर मी तिथं काय करू? मलेही इकडेच पाठवलं. पगार अर्धा."

"माझ्यापायी तुझं गेलं, बाबा."

"कसलं गेलं, ताई? एका खोलीत सहाजण झोपत होतो. अर्ध्या पगारात बायकोच्या हातची भाकर भेटते. फक्त म्हणू नको कोणाले, अरबस्थानातून परतला म्हणून. लग्नाच्या पंगतीत मान कमी होते माझा."

"अन् खड्डा?" कृष्णकांतनं विचारलं.

"घरमालकानं त्यात कडुनिंब लावला. त्याले सावली पाहिजेच होती."

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तरा कामाला बसली. बॅग माळ्यावर गेली होती. कृष्णकांतनं जाताना नव्या कागदाशेजारी रद्दीचा एक तुकडा ठेवला.

"आधी यावर गोपद्म काढ," तो म्हणाला, "मग त्यावर रेषा."