मॅग्नोलियाच्या वासाचे अश्रू

विनेल टार्पलीनं इतर प्रवाशांबरोबर मान वर केली आणि आपण जिथून उडी मारून मेलो ती हॉटेलाची गॅलरी नीट पाहून घेतली.

"हीच ती जागा," टिन्स्ली म्हणाली. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या पेटिग्रूच्या जुन्या बाजारपेठेची सहल हीच पोरगी चालवायची. अंगावर घेरदार झगा आणि घेराखाली पळायचे बूट. "साल अठराशे त्रेसष्ट. विनेल एकोणीस वर्षांची. लढाईवर गेलेला तिचा लेफ्टनंट पडल्याची बातमी आली आणि त्याच संध्याकाळी तिनं पांढऱ्या झग्यात इथून..."

बायकांनी उसासे टाकले. टोपीवाल्या एका माणसानं विचारलं, "पण तुमच्या पत्रकातल्या फोटोत थडग्यावर तर एकोणीसशे त्रेसष्ट दिसतंय."

"कोरणाऱ्याची चूक," टिन्स्ली म्हणाली. पापणीसुद्धा लवली नाही.

विनेलला हसू आवरेना, म्हणून ती खोकली. ऐंशीची झाली होती, उजवा गुडघा बोलत होता, काखेतल्या पिशवीत बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. लेफ्टनंट म्हणे! या हॉटेलात तेव्हा साबण आणि पंप विकणारे फिरते विक्रेते उतरायचे आणि त्या गॅलरीत फरशी पुसायची फडकी वाळत असायची. ती इथंच कामाला होती, स्वतःच वाळत घालायची. उडी कसली मारतेय? मागच्या जिन्यानं हातात बॅग घेऊन उतरली होती, आणि खाली एलियास खूरी बापाची गाडी चालू ठेवून उभा होता.

एलियासच्या बापानं आधी दारोदार फेरी केली होती, मग चौकात कापडाचं दुकान टाकलं होतं. माणसं लेबननची, चर्चही गावाहून वेगळं, कॅथलिक. गावानं त्यांच्याकडून उधारीवर कापड नेलं, पण कधी जेवायला बोलावलं नाही. अशा घरात पोरगी गेली म्हटल्यावर विनेलच्या आईनं, पोरगी गॅलरीतून पडून मेली, असं जाहीर केलं आणि रीतसर दफनही उरकलं. विनेल आणि एलियास दूर उत्तरेला टोलेडोला गेले, बुटांचं दुकान टाकलं, म्हातारे झाले. या हिवाळ्यात एलियास गेला. जाताना म्हणाला, मला पेटिग्रूत ठेव. ती त्याच्यावर चिडली होती. "त्या गावानं तुला कधी पुढच्या दारातून आत घेतलं नाही." तो म्हणाला, "दुकानाच्या माडीवर जन्मलोय मी. माझं गाव आहे ते." मरणाऱ्याशी किती वाद घालणार? त्याची राख डब्यात घेऊन ती आली होती. जागा कुठली, तेही ठरलं होतं. आईशेजारी तिचं थडगं रिकामंच होतं. फक्त ती जमीन आता धाकट्या बहिणीच्या, मर्टिसच्या नावावर होती आणि तिनं हो म्हणायला हवं होतं.

सहल पुढे सरकली. गावानं काय सोंग घेतलं होतं! खिळे-बिजागऱ्यांच्या दुकानात आता फिती बांधलेला मुरंबा मिळत होता. बँकेच्या तिजोरीत बसून लोक वाइन चाखत होते. एका खिडकीत कापसाच्या वाळक्या काड्या फुलदाणीत खोचून विकायला ठेवल्या होत्या. तीच बोंडं वेचताना विनेलच्या आईची बोटं फाटायची आणि रात्री ती चरबी चोळत बसायची. आता ती घराची शोभा. चौकातलं कारंजं कुणी दान दिलं त्याची पितळी पाटी चकचकीत होती. शेजारच्या दगडी चौथऱ्यावर पूर्वी माणसं गुलाम म्हणून उभी करून विकायचे, त्याची पाटी लावायला मात्र कुणाला सवड झाली नव्हती. टिन्स्लीनं त्या चौथऱ्यावर चढून सगळ्यांचा फोटो काढला.

औषधांच्या जुन्या दुकानाबाहेर बाकावर एक म्हातारा उकडलेल्या शेंगा सोलत होता. त्यानं विनेलकडे पाहिलं, शेंग तोंडात टाकली, चावली.

"मेलेल्या मानानं बरी दिसतेस, विनेल."

तो हॉइट होता, पूर्वीचा औषधवाला. ती त्याच्याशेजारी टेकली. "तू ओळखलंस?"

"अगं, तुझी पेटी खांद्यावर घेतली होती मी. जड होतीस."

"काय होतं आत?"

"कोंबड्यांचं खाद्य. वळणावर सळसळ ऐकू आली. आम्ही सहाही जणांनी ऐकली आणि खोकलो."

"म्हणजे गावाला माहीत होतं?"

"सगळ्या गावाला. सगळ्यांनी डबे भरून तुझ्या आईकडे नेले. माझ्या आईनं चिकन-भात केला होता." त्यानं टरफलं खिशात कोंबली. "आता एका बाईनं एवढं रडायचं मनावर घेतलं, तर तिला तोंडावर खोटं कसं पाडायचं? वाईट दिसतं ते."

हेच. हेच या गावाचं. माणूस जिवंत गाडतील, पण वाईट दिसू देणार नाहीत. विनेलचं डोकं तापलं. शेंगा पुढे केल्या होत्या त्यांना हातही न लावता ती उठली.

मर्टिसचं दुकान मुद्दाम शोधावं लागलं नाही, कारण ते खूरींच्याच जागेत होतं. दारावर पाटी: जुनी व्यापारी इमारत. व्यापारी कोण, ते नाही. आत लाकडाचं तेच लांब टेबल होतं, कडेला वार मोजायचे पितळी खिळे तसेच. एलियासचा बाप तिथं कापड ताणून धरायचा. आता त्यावर काचेच्या पेल्यांतल्या मेणबत्त्यांची रांग होती, पेल्यांवर लिहिलेलं: विनेलचे अश्रू. वास मॅग्नोलियाच्या फुलांचा.

मर्टिस गल्ल्यामागे होती. केस नीट फुगवलेले, गळ्यात मोती. तिनं बहिणीला पाहिलं आणि तिचा हात मोत्यांवर गेला. मग गोड आवाजात म्हणाली, "या ना मॅडम. मेणबत्ती दाखवू?"

"मेलेलीला काय मेणबत्ती विकतेस गं?"

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. ती जाईपर्यंत मर्टिस हसत राहिली. ती गेल्यावर हसू उतरलं.

"कशाला आलीस?"

विनेलनं डबा टेबलावर ठेवला आणि दोन वाक्यांत सांगितलं. मर्टिस डब्याकडे न बघता त्याच्या बाजूच्या मेणबत्त्या सरळ करत राहिली.

"तो फेरीवाल्याचा पोरगा? आईच्या शेजारी?"

"माझा नवरा. माझ्या थडग्यात. रिकामंच आहे ते."

"रिकामं नाहीये. तू आहेस त्यात." मर्टिसचा आवाज चिरकला. "आई दर रविवारी जायची तिथं. ती गेल्यावर मी जाते. तुला काय, तू मजेत निघून गेलीस. इथं तुझ्या नावानं रडायचं काम माझ्याकडे आलं. खोटं रडता रडता खरं कधी यायला लागलं, मला कळलं नाही."

बहिणीच्या हातावर डाग पडले होते, आईच्या हातांवर होते तसे. तिला तो हात धरावासा वाटला, आणि मग तिनं मेणबत्तीवरची किंमत वाचली.

"आणि आता ते रडणं बाटलीत भरून विकतेस."

"पोट भरायला नको?" मर्टिसनं मान फिरवली. मग हळू म्हणाली, "ठीक आहे. सोमवारी सकाळी, कुणी नसताना. एक छोटा खड्डा. पण नाव कोरायचं नाही."

"का?"

"लोक विचारतील. पत्रकं छापलीत, सहली येतात, सगळं गाव त्यावर चाललंय. देव त्याचं भलं करो, पण त्याच्या नावानं सगळी गोष्टच मोडेल."

देव भलं करो! पेटिग्रूत हे वाक्य म्हणजे गालावर हळूच हाणलेली चपराक, आणि विनेल ते विसरली नव्हती.

"कोंबड्यांचं खाद्य पुरलंत तर त्यावर नाव कोरलंत," ती म्हणाली. "आणि खरा माणूस मेलाय तर तो बिननावाचा?"

विनेलनं डबा उचलला नाही. तिथेच टेबलावर ठेवून ती बाहेर पडली.

दुपारची सहल हॉटेलाखाली जमली होती; मघाचा टोपीवालाही शंका घेऊन पुन्हा आला होता. टिन्स्ली झग्याची बाही सावरून सांगत होती, "त्याच संध्याकाळी तिनं पांढऱ्या झग्यात इथून..."

"निळा होता," विनेल म्हणाली.

सगळे वळले.

"झगा निळा होता. आणि उडीबिडी काही नाही, मागच्या जिन्यानं उतरले. एक पायरी सैल होती, तिच्यावर पाय मुरगळला. लेफ्टनंट नव्हता कुणी. एलियास होता, चौकातल्या कापडवाल्याचा मुलगा. माझ्यासाठी गाडीत कोळंबीचं सँडविच ठेवलं होतं त्यानं, कारण घाबरल्यावर मला भूक लागते हे त्याला माहीत होतं. साठ वर्षं संसार केला आम्ही. मीच विनेल टार्पली. खूरी."

मग टोपीवाल्यानं टाळी वाजवली आणि सगळ्यांनी कडकडाट केला. फोन वर झाले. "काय सुंदर काम केलं बाईनं!" कुणीतरी म्हणालं.

टिन्स्ली धावत आली, डोळ्यांत चमक. "मिस... मॅडम, तुम्ही दर शनिवारी याल का? भुतापेक्षा हे कितीतरी छान आहे!"

विनेलनं तिच्याकडे पाहिलं. खरं सांगितलं तर यांना नाटक वाटतं, आणि नाटक म्हटलं की हे लगेच विकत घेतात. म्हणजे यांच्याशी यांच्याच भाषेत बोलायला हवं.

"शनिवारी येईन," ती मोठ्यानं म्हणाली. "आज मात्र पुढे चला. एलियास त्या समोरच्या दुकानात जन्मला. आत्ता तिथंच आहे तो, टेबलावर. आणि उद्या तुम्ही सगळे त्याच्या दफनाला या."

घोळका आनंदानं चौक ओलांडून निघाला. टिन्स्ली झगा दोन्ही हातांनी उचलून पुढे पळाली. बाकावरून हॉइटही उठला आणि मागोमाग चालू लागला.

दुकान गच्च भरलं. मर्टिस टेबलापाशी उभी होती. मेणबत्त्या तिनं बाजूला सारल्या होत्या, आणि मोकळ्या झालेल्या जागेत, पितळी खिळ्यांच्या कडेला, फक्त तो डबा होता. टोपीवाला पुढे वाकला.

"हाच का तो? पूर्ण नाव काय त्याचं?"

प्रश्न मर्टिसला होता. विनेल दारातच थांबली, आत आली नाही. मर्टिसनं बहिणीकडे पाहिलं, मग गिऱ्हाइकांकडे, मग खाली.

"एलियास," ती म्हणाली. मग घसा साफ करून पुन्हा, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "एलियास जोसेफ खूरी."

जोसेफ हे विनेलनं कुणालाच सांगितलं नव्हतं; मर्टिसनंच ते साठ वर्षं लक्षात ठेवलं होतं.