काजवाली मालकीण झाली

मित्रांनो, मी काजाची मशीन. शर्टाचे बटण ज्या छिद्रातून जाते त्याला काज म्हणतात, आणि मी जन्मभर तेवढेच केले. लोक कापडाचे कौतुक करतात, शिलाईचे करतात, बटणांचेसुद्धा करतात. काजाचे कौतुक करणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. पण माझी तक्रार त्याबद्दल नाही.

कारखान्यात आम्ही एकशेवीस मशीन एका छपराखाली होतो. कोणी फक्त कॉलर शिवायची, कोणी कफ, कोणी खिसा. माझ्यावर जी बाई बसायची तिला सगळे काजवाली म्हणत. तिचा पाय पडला की धागा दोन्ही कडांनी भरभर फिरायचा, सुरी खाली यायची आणि चार सेकंदांत काज तयार व्हायचे. एका पाळीत हजार-बाराशे काज, पण एकाचाही दोरा कधी सुटला नाही. सुपरवायझर इतरांना म्हणायचा, "जरा काजवालीकडून शिका. मशीन कशी ठेवलीये बघा!" तेव्हा मला मूठभर मांस चढायचे. आता ते आठवले की स्वतःचीच चीड येते.

मग सरकारचे धोरण बदलले. बाहेरून येणाऱ्या तयार शर्टांवरचा कर उठला आणि आमच्या शेठना शर्ट विकण्यापेक्षा कारखान्याची जागा विकणे परवडू लागले. शेवटच्या दिवशी मंत्री आले. म्हणाले, "आजपासून तुम्ही नोकर नाही, मालक आहात!" ज्याने त्याने आपापली मशीन घरी न्यायची, हीच भरपाई. टाळ्या पडल्या. काजवालीने तेवढे शेजारणीला विचारले, "अगं, पण नुसत्या काजांचा धंदा करायचा कसा?" तोंडाला पाने पुसतात असे ऐकून होते, पण टाळ्यांच्या गजरात पुसतात हे त्या दिवशी पाहिले.

मी तिच्या दोन खोल्यांच्या घरात आले. गॅसची टाकी आणि पाण्याचे पिंप यांच्यामध्ये माझी जागा. काजवालीचा नवरा आमच्याच कारखान्यातला कटिंग मास्तर. दोन वर्षांपूर्वी त्याच्या किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून दोनदा त्याला डायलिसिसला न्यावे लागे, आणि कामगारांच्या दवाखान्यात ते काजवालीच्या विम्याच्या कार्डावर फुकट होत असे. कारखाना बंद पडला तरी ज्याची नोंद बेकार म्हणून होईल त्याच्या घरचे कार्ड दोन वर्षे चालणार होते. म्हणजे मास्तरचा जीव 'बेकार' या एका शब्दावर होता. काम तर असे, की एखाद्या आठवड्यात व्यापारी एक गठ्ठा टाकून जायचा, नाहीतर तेही नाही.

एक दिवस समोरच्या खोलीतली मोठी जाऊ धावत आली. ती कॉलरवाली, तिच्याकडेही मशीन होती.

"अगं, कोण बेकार ते लिहून घ्यायला सरकारची पाहणीवाली येतेय. मशीनवर चादर टाक, वर गाद्या रच. विचारलं तर सांग, विकली."

"खोटं कशाला बोलू, जाऊबाई? कारखाना बंद झालाय हे तिला ठाऊक नाही का?"

आणि पाहुणे येणार म्हणून या बाईने काय करावे? घर झाडले आणि मला पुसूनपुसून लखलखीत केले!

पाहणीवाली बाई दमून आली होती. पाणी प्यायली आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "छान ठेवलीये हो! चालते?"

"चालते म्हणजे काय? बघा की." काजवालीने चिंधी घेतली आणि चार सेकंदांत काज पाडून दाखवले. मला थांबता आले असते तर मी थांबले असते. हात दाखवून अवलक्षण!

"गेल्या आठवड्यात तासभर तरी काम केलंत?"

"केलं ना. एक दुपारभर. चाळीस शर्ट होते."

"मग तुम्ही बेकार नाही, ताई. मशीन तुमची, जागा तुमची. स्वयंरोजगार लिहावं लागेल."

"अहो, महिन्यातून एखादी दुपार काम मिळतं!"

"एक तास पुरतो." तिने मान खाली घातली. "माझंही तसंच आहे. मीसुद्धा महिन्यातून चार दिवसच हे फॉर्म भरते. पण मलाही कमावतीच धरतात."

महिन्याभरात काजवालीचे कार्ड बंद झाले. जाऊचे चालू आहे. त्याच सुमारास बेकारी घटल्याचे सरकारने जाहीर केले. त्या घटीत आमची काजवाली आहे. आता पैसे मोजावे लागतात, म्हणून मास्तर आठवड्यातून दोनदाऐवजी एकदाच जातो. त्याचे पाय सुजतात, जिना चढताना तो तीनदा बसतो. काजवाली अर्ज घेऊन कचेरीत गेली, तर साहेब म्हणाले, "मशीन मोडीत काढल्याची पावती आणा, मग बघू."

मास्तर तिला म्हणाला, "नको काढूस. उद्या काम आलं तर हात रिकामे राहतील."

"काम येईल नाहीतर जाईल," ती म्हणाली. "तुम्हाला मी कुठून आणू?" आणि भांडी घासता घासता रडली.

मित्रांनो, माझ्यासारख्यांनी अखेरीस सांगायचे असते की वस्तूंची निगा राखा. मला ते सांगवत नाही. माझी निगा राखली गेली, म्हणून तर हे झाले. तुमच्यातले कोणी मोठेपणी असले फॉर्म तयार करणारे साहेब होतील. त्यांनी त्यात एक प्रश्न वाढवावा: या कामावर घर चालते का? एवढी काळजी माणसांची घ्या, यंत्रांचे आम्ही पाहून घेऊ.

उद्या सकाळी भंगारवाला येणार आहे. माझ्यासाठी कोणी हळहळू नका. फक्त पावतीवर 'मोडीत' हा शब्द त्याला ठळक लिहायला सांगा. परवा मास्तरला दवाखान्यात जायचे आहे.