घुंगराचा चंद्र

मित्रांनो, शाळेच्या कपाटावर धूळ खात बसलेली एखादी वस्तू तुम्ही पाहिली असेल, जिचं नाव कोणालाच नीट सांगता येत नाही. ती मी. मी सूर्य, पृथ्वी आणि चंद्र यांचं फिरतं मॉडेल आहे, आणि माझं वय तेहेतीस वर्षं. लाकडी बैठक, खाली दातेरी चाकं, बाजूला एक दांडा. मधोमध बल्ब, तो सूर्य. लांब पट्टीच्या टोकाला मोसंबीएवढी पृथ्वी आणि तिच्याभोवती फिरणारा, आवळ्याएवढा पांढरा चंद्र. दांडा फिरवला की सगळं ब्रह्मांड करकरत फिरू लागतं.

माझा जन्म दूर हरियाणातल्या एका कारखान्यात झाला. तिथे माझ्यासारखे शेकडो सूर्य रोज पेटीत भरले जायचे, त्यामुळे मला कधी गर्व चढला नाही. गवतात गुंडाळून, आगगाडीनं आणि मग टेम्पोनं मी हिंगोली जिल्ह्यात आलो. आखाडा बाळापूरच्या रस्त्यावरचं एक गाव, तिथली संस्थेची शाळा, आणि शाळेत नुकतेच लागलेले विज्ञानाचे हरिचंद सर. पेटीचे खिळे त्यांनी स्वतःच्या हातानं उपटले आणि मला टेबलावर ठेवून एखाद्या बाळासारखं पुसलं. ते मी विसरलेलो नाही.

सर मनापासून शिकवणारे. पण पहिल्याच आठवड्यात त्यांना एक अडचण दिसली. मागच्या बाकावरच्या पोरांना चंद्राच्या कला काही दिसेनात. पांढरा चंद्र, खिडक्यांतून येणारा उजेड, आणि वीज असेल तरच पेटणारा बल्ब. तेव्हा फळा रंगवून उरलेला काळा रंग डब्यात होता. सरांनी ब्रश घेतला आणि माझ्या चंद्राचा अर्धा भाग काळाभोर करून टाकला. मग दर वर्षी आठवीच्या वर्गात ते मला फिरवायचे आणि दुसऱ्या हातानं चंद्राला पिळायचे. ही अमावास्या, काळी बाजू पुढे. ही पौर्णिमा, पांढरी बाजू पुढे. ही अष्टमी, अर्धा काळा, अर्धा पांढरा. "आणि हा काळा भाग म्हणजे काय? पृथ्वीची सावली!" असं म्हणून ते फळ्यावर हे वाक्य लिहायचे आणि पोरं ते उतरवून घ्यायची.

मित्रांनो, हे साफ चूक होतं. पृथ्वीची सावली चंद्रावर पडते ती ग्रहणात, आणि तीही एखाद्या पौर्णिमेलाच. रोजच्या कलांशी तिचा काही संबंध नाही. पुस्तकात हे बरोबर लिहिलेलं होतं. पण सरांनी ते पान वर्गात कधी उघडलंच नाही, कारण टेबलावर मी होतो. तपासणीला आलेले साहेब माझं कौतुक करायचे. सरांना एकदा शाल-श्रीफळही मिळालं. मीही खूश होतो. चुकीची गोष्ट इतकी छान समजावून सांगणारं दुसरं मॉडेल आसपासच्या दहा गावांत नव्हतं.

पुढे शाळेत मोठा टीव्ही आला आणि माझी रवानगी कपाटावर झाली. शेजारी फुटका भोंगा आणि मागच्या निवडणुकीचे तक्ते. पाच-सहा वर्षं मी तिथेच पडून होतो. पृथ्वीवर धुळीचा थर चढला, सूर्यात कोळ्यानं जाळं विणलं. मग उंदरांनी टीव्हीची वायर कुरतडली आणि त्याच हिवाळ्यात तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाचं पत्र आलं. सरांच्या नोकरीचं ते शेवटचं वर्ष. त्यांनी मला खाली उतरवलं, चाकांना तेल घातलं, सूर्याच्या जागी नवा एलईडी बल्ब बसवला आणि मॉडेलबद्दल बोलायला आठवीतली रागिणी निवडली.

रागिणी ही मेंढपाळाची मुलगी. तिचे वडील नामाजी दर वर्षी रानातल्या तुरी निघाल्या की मेंढरं घेऊन गावोगाव फिरतात, रिकाम्या शेतात कळप बसवतात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. आजवर रागिणी निम्मं वर्ष शाळेत आणि निम्मं वर्ष मेंढरांमागे असायची. या वर्षी तिला पूर्ण वर्ष शाळेत बसायचं होतं. गावात मावशी होती, पारुबाई. ती ठेवून घ्यायला तयार होती. सरांनी नामाजींना बोलावून घेतलं.

खांद्यावर घोंगडं, हातात काठी अशा वेशात नामाजी वर्गाच्या दारातच उभे राहिले. "गुरुजी, कोकरं वाढलीत, हात कमी पडून राहिलेत," ते म्हणाले. "तुमी म्हणता पोरगी हुशार हाय. बराबर हाय. पण मला कसं कळावं? त्या परदर्शनात तिचा नंबर आला तर ठेवतो पारुबाईपाशी. न्हाई आला तर चलंल माझ्यासंगं."

"नंबर येणार," सर म्हणाले. एकतीस वर्षांचा भरवसा होता त्यांचा माझ्यावर.

प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी सर शेवटची तयारी करून घेत होते. अष्टमी दाखवायला त्यांनी सवयीनं चंद्र पिळला, आणि एवढ्या वर्षांच्या पिळण्यानं झिजलेल्या खिळ्यानं अखेर हात टेकले. चंद्र निखळला, टेबलावरून टपकन फरशीवर पडला आणि त्याची दोन शकलं झाली. एक काळं, एक पांढरं. मला वेदना होत नाहीत, पण तेव्हा बरं वाटलं नाही, हे कबूल करतो.

वर्गात शोधाशोध झाली. कोणी लिंबू सुचवलं, कोणी रिठा. दुसऱ्या दिवशी सकाळी रागिणीनं पितळेचं एक मोठं घुंगरू आणलं. कळपाच्या पुढे चालणाऱ्या मेंढीच्या गळ्यातलं. वर्षानुवर्षं घासून, मळून त्याची चमक गेलेली होती. सरांनी ते तारेनं माझ्या पट्टीला बांधलं, खिडक्या लावून घेतल्या, बल्ब पेटवला आणि रागिणीनं दांडा फिरवला. चंद्र किणकिणत पृथ्वीभोवती निघाला.

तेव्हा एक गोष्ट झाली. घुंगराला रंग नव्हता. बल्बाकडची त्याची बाजू उजळली आणि पलीकडची आपोआप काळी राहिली. रागिणी अष्टमीच्या जागेवर थांबली आणि वाकून बघत राहिली.

"सर, सावली कोणाची पडली ही? पृथ्वी तर बाजूला हाय."

"पृथ्वीचीच. पुढे फिरव."

"न्हाई सर. काल शाळा सुटल्यावर मेंढरामागं व्हते मी. चांद बी आभाळात व्हता, सूर्य बी आभाळात व्हता. पृथ्वी माझ्या पायाखाली व्हती. ती मधी आलीच न्हाई. मंग चांद अर्धा काहून दिसून राहिला?"

सरांचा चेहरा मला जवळून दिसत होता. आधी गोंधळ, मग राग. राग बहुतेक गोंधळ लपवायला आला असावा. "तुझं शहाणपण राहू दे," ते म्हणाले. "कपाटात काळा रंग आहे. घुंगरू अर्धं रंगव आणि पाठ केलंस तसं बोल. जमत नसेल तर शिवशंकर बोलेल."

शिवशंकर पहिल्या बाकावरचा मुलगा. त्याला सगळं आधीच पाठ होतं.

दुपारच्या सुट्टीत रागिणी मला व्हरांड्यात घेऊन बसली. डबा उघडला. ब्रश बुडवला. काळा थेंब वर्तमानपत्रावर पडला, दुसरा पडला. ती ब्रश घुंगराजवळ न्यायची आणि मागे घ्यायची. ती काय तोलत होती हे मला ठाऊक होतं, कारण नामाजी बोलले तेव्हा मी तिथेच होतो. सांगितलं तसं बोललं तर शाळा. नाही तर मेंढरं. ही काही लहान गोष्ट नव्हती, आणि तेरा वर्षांच्या मुलीनं ती एकटीनं ठरवावी हे मला मुळीच आवडलं नाही.

शेवटी तिनं डब्याला झाकण लावलं, मला उचलून सरांच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "सर, शिवशंकरला बोलू द्या. जे मी पाह्यलं न्हाई ते मला बोलता येत न्हाई." तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज सरळ होता.

शाळा सुटली. सर तेवढे थांबले. रंगवायचं काम राहिलंच होतं. वर्गात उजेड कमी म्हणून ते मला अंगणात घेऊन आले, दगडी कट्ट्यावर डबा उघडला आणि घुंगराचा नेमका मध्य कुठे येतो हे पाहायला त्यांनी मला दोन्ही हातांनी डोळ्यांसमोर उचलून धरलं. ऊन उजव्या खांद्यावरून येत होतं. मध्य शोधायची गरजच नव्हती. उन्हानं घुंगराचा अर्धा भाग आधीच उजळून ठेवला होता. आणि त्याच्या मागे, चिंचेच्या शेंड्यावर, निळ्या आभाळात चंद्र होता. तसाच अर्धा. त्याच बाजूनं उजळलेला.

सरांनी मला जरा खाली केलं, मग पुन्हा वर. घुंगरू बघितलं, चंद्र बघितला. मान वळवून सूर्य बघितला. मग पायाखालच्या जमिनीकडे बघितलं. बल्बाचा सूर्य मिरवत मी एवढी वर्षं काढली, पण खरं ऊन माझ्या चंद्रावर प्रथमच पडत होतं. सरांनी मला कट्ट्यावर ठेवलं. "अरे देवा," ते पुटपुटले, "किती पोरं शिकवली मी." मग त्यांनी डब्याचं झाकण घट्ट बसवलं.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर ते वर्गात उभे राहिले आणि म्हणाले, "चंद्राच्या कला मी तुम्हाला चुकीच्या शिकवल्या. चंद्राचा अर्धा भाग सूर्यामुळे नेहमीच उजळलेला असतो. त्यातला आपल्याला किती दिसतो, ती कला. सावलीचं वाक्य खोडा. रागिणी बरोबर होती."

कोणी हसलं नाही. शिवशंकरनं मात्र हात वर केला. "सर, मंग पाठ काय करायचं?"

"काही नाही," सर म्हणाले. "बघायचं." आणि मला व रागिणीला घेऊन ते प्रदर्शनाला निघालेल्या टेम्पोत चढले.

प्रदर्शनात टेबलं खूप आणि परीक्षक दोन. आमच्याकडे ते चार वाजता आले. रागिणीनं दांडा फिरवलाच नाही. "साहेब, दोन मिनटं भायेर या," ती म्हणाली. एकानं घड्याळ बघितलं आणि तो पुढच्या टेबलाकडे गेला. दुसरा बाहेर आला. रागिणीनं मला छातीशी धरून मैदानात आणलं, घुंगरू चंद्राच्या शेजारी दिसेल असं उचललं आणि म्हणाली, "आज नवमी. चांद अर्ध्याहून जरासा जास्त. घुंगरू बी तेवढंच. मधी कोणाची सावली न्हाई." परीक्षकानं चष्मा वर केला, डोळे बारीक केले आणि मान वर करून आधी घुंगरू, मग चंद्र बघितला.

नंबर आला नाही. पहिला नंबर हात पुढे केला की उघडणाऱ्या कचरापेटीला मिळाला. ती चांगली होती, मी तिला नावं ठेवणार नाही.

नामाजी दुपारपासूनच मैदानाच्या कडेला उभे होते. लेकीला न्यायला आलेले. सर त्यांच्यासमोर गेले. "नामाजी, नंबर आला नाही," ते म्हणाले. "पण एकतीस वर्षं मी पोरांना चूक शिकवत होतो. ती तुमच्या पोरीनं दाखवली. माझं म्हणणं संपलं. पुढं तुमची मर्जी."

"त्यात काय दाखवायचं?" नामाजी म्हणाले. "दुपारचा चांद आमी रोजच बघतो."

"मी बघितला नव्हता," सर म्हणाले.

नामाजींनी हात पुढे करून माझी तार चाचपली. घुंगरू त्यांचं होतं आणि उद्या कळप निघणार होता. तार अर्धी उलगडून ते थांबले.

"हे काढलं तर ह्याचं काय व्हईल?"

"चांद जाईल त्याचा," रागिणी म्हणाली.

नामाजींनी तिच्याकडे बघितलं. ज्या मैदानात एक साहेब तिनं उचललेल्या घुंगराच्या दिशेनं मान वर करून उभा राहिला होता, त्या मैदानाकडे बघितलं. मग तार पुन्हा नीट पिळून बसवली. "राहू द्या," ते म्हणाले. "घुंगरावाचून बी मेंढी मला घावते. पोरगीबी राहू द्या. पारुबाईला सांगतो मी."

रागिणी आता दहावीत आहे. माझ्या चाकांना तीच तेल घालते. हरिचंद सर निवृत्त झाले, पण त्यांची जुनी पोरं बाजारात भेटतात आणि त्यातलं एकही सुटत नाही. परवाच ते शाळेत येऊन रागिणीला हसत सांगत होते. बाळापूरच्या बाजारात भीमराज भेटला, वीस वर्षांपूर्वीचा विद्यार्थी. सरांनी त्याच्याच पिशवीतला कांदा काढून उन्हात धरला आणि भर रस्त्यात कबूल केलं की मी तुला चूक शिकवलं होतं. भीमराज कांद्याकडे आणि आभाळाकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "सर, माझं लेकरू आता आठवीत हाय. त्याला काय सांगू?"

"काही सांगू नको," सर म्हणाले. "शुद्ध अष्टमीला दुपारी अंगणात ने."

मित्रांनो, माझंही मागणं तेवढंच आहे. मला धूळ बसली तर पुसा, दांडा हळू फिरवा. आणि माझ्यावर विश्वास ठेवण्याआधी मला उचलून एकदा बाहेर उन्हात न्या. काळ्या रंगाचा तो डबा अजून कपाटात आहे. तो मात्र उघडू नका.