चार डबे चढवून दाखवा

फिटरने खोली मापली, खिडकीची चौकट मापली, दार कुठवर उघडतं तेही मापलं. चौतीस वर्षं कारखान्यात केसाएवढा फरक पकडणारा माणूस. कागदावर आकडे मांडून त्याने निकाल दिला: एन स्केल, खऱ्या गाडीचा एकशेसाठावा भाग. सहा बाय चारच्या टेबलावर गोल फिरणारी लाइन, दोन स्टेशनं, एक बोगदा, सगळं बसत होतं. निवृत्त झाल्यावर घरात आगगाडी धावणार, हे त्याचं लग्नाआधीपासून ठरलेलं. संसार झाला, पोरी आपापल्या घरी गेल्या; गाडी तेवढी राहिली होती.

आगगाड्यांच्या मॉडेलच्या दुकानातली बाई साठीची, तोंडाने तिखट. तिचा एक शिरस्ता होता. गिऱ्हाइकाने स्केल सांगितलं की त्या मापाचा हातभर रूळ काउंटरवर ठेवायचा आणि चार डबे पुढ्यात सारायचे.

"चढवा. माझा चहा संपेपर्यंत."

"मी काय परीक्षेला आलोय?"

"सगळे असंच म्हणतात. चढवा."

पहिल्या डब्याची पुढची चाकं बसली तर मागची उतरली. मागची बसवली, पुढची उतरली. ग्राइंडरची थरथर त्याच्या बोटांत कायमची मुक्कामाला आली होती. कंपनीला ते ठाऊक होतं. निरोपाच्या दिवशी साहेबाने तोच हात हातात घेऊन गोड भाषण ठोकलं, थरथरीबद्दल चकार शब्द काढला नाही. असल्या गोडबोल्यांनीच माणसाचं वाटोळं होतं.

दुसरा डबा आडवा झाला. बाईने कप खाली ठेवला.

"हे तुम्हाला मी विकणार नाही."

"टेबलावर बरोबर बसतंय."

"टेबल खेळणार आहे का?"

तो तणतणत घरी आला. बायको शिवणयंत्रावर होती, ओठांत टाचण्या. त्याचं सगळं ऐकून तिने एकेक टाचणी काढून ठेवली.

"बरं केलं तिने."

"म्हणजे तूही तिच्याच बाजूची?"

"अहो, माझ्याकडे कुणी आलं की कापड किती ते मी मागाहून बघते. आधी माणूस मापते. तुम्ही भिंतसुद्धा मापलीत. स्वतःला मापलंत?" मग आवाज उतरला. "हात मला दिसत होता. मन मोडेल म्हणून गप्प बसले. तिने निदान तोंडावर सांगितलं."

त्याने आकड्यांचा कागद पुन्हा उलगडला.

"मोठ्या स्केलचं वळण या खोलीत मावत नाही. गाडी फिरणार कशी?"

"फिरायला कशाला हवी? जाईल आणि येईल." तिने लांब भिंतीकडे हात केला. तिथे तिच्या कापडाच्या गठ्ठ्यांची बारा फुटी मांडणी होती. "गठ्ठे पलंगाखाली जातील."

"रोज वाकशील?"

"तुमचे ग्रीसचे कपडे धुताना काय ताठ उभी होते?"

बोगदा गेला, दुसरं स्टेशन गेलं, गोल गेला. वाईट वाटलंच. नाही कशाला म्हणायचं. पण दुसऱ्या दिवशी तो दुकानात गेला आणि ओ स्केल मागितलं, अठ्ठेचाळिसावा भाग. डब्याने मूठ भरत होती. तिसऱ्याला दोनदा प्रयत्न करावा लागला. चारही चढले तेव्हा बाईचा अर्धा चहा शिल्लक होता. ती खोकं बांधायला लागली.

आठवड्याने फळी भिंतीला लागली. इंजिन त्याने दोन्ही हातांनी रुळावर ठेवलं. मदतीला पुढे आलेला हात बायकोने मागे घेतला. चाकं बसली. गाडी भिंतीच्या टोकापर्यंत गेली आणि थांबली.

"तुम्ही दोघी खोटं बोलल्या असतात ना, तर ते बारके डबे खोक्यातच कुजले असते," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "माझं तोंड बघून सगळे गोडच बोलतात. तुम्ही नाही बोललात."

"मग आता काय म्हणणं आहे?"

"आभार मानतोय. कळत नाही?"

"आभार होय? मला वाटलं, भांडताय."

तिने गाडीचं बटण उलटं फिरवलं. गाडी परत निघाली, आणि तो तिच्या बरोबरीने फळीच्या कडेकडेने चालत आला.